आप्पासाहेबांचा खोटा काटा

मित्रांनो, माझ्या पाटावर पाय ठेवण्याआधी जरा थांबा आणि माझं ऐकून घ्या. मी एक जुना वजनकाटा आहे. माझा रंग उडालाय, अंगाला गंज चढलाय, एक चाक वाकडं झालंय; पण राग मात्र अजून ताजा आहे. म्हातारपणी काही वस्तू मवाळ होतात म्हणे. होवोत बापड्या. मी झालो नाही.

माझा जन्म साताऱ्याकडच्या एका ओतशाळेत झाला. खाली पोतं ठेवायला रुंद लोखंडी पाट, वर पितळी दांडी, आणि दांडीच्या टोकाला लोंबणारी एक छोटी तबकडी, असं माझं रूप होतं. त्या तबकडीवर वजनं ठेवायची आणि दांडी सरळ झाली की आकडा वाचायचा. तबकडीवरच्या चिमूटभर वजनाने पाटावरचं शंभरपट ओझं तोललं जायचं. बारामती-इंदापूर रस्त्यावर सणसर गाव आहे. तिथे जोतीआबांचं भुसार मालाचं दुकान होतं. आबांनी मला बैलगाडीत गोणपाटावर निजवून आणलं. गावातली पोरं गाडीमागून पळत होती. काय थाट होता माझा!

आबा रोज सकाळी मला फडक्याने पुसायचे, सांध्यांना तेल द्यायचे. खंडेनवमीला माझ्या दांडीला झेंडूची माळ घालून ते हात जोडायचे. म्हणायचे, "काटा म्हंजी द्येव हाय. ह्येच्या म्होरं राजा बी पोत्याएवढाच." मी कधी तोळाभरही इकडेतिकडे केलं नाही. आसपासच्या वस्त्यांवरून लोक येत आणि माझा आकडा बघून मुकाट्याने मान डोलवत. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग आबा गेले आणि त्यांचा मुलगा आप्पासाहेब गादीवर बसला. लोक त्याला अहोजाहो करतात. मी करणार नाही. का, ते ऐका.

शेंगांचा हंगाम सुरू होण्याआधी एका सकाळी आप्पाने मापाडी मोहनरावाला बोलावलं. मोहनराव म्हणजे माझी दांडी सांभाळणारा माणूस. आप्पा त्याच्या कानाशी काहीतरी बोलला. मोहनरावाने सुपारीएवढं शिसं आणलं आणि माझ्या तबकडीच्या बुडाला डांबराने घट्ट चिकटवलं. झालं! त्या दिवसापासून माझ्यावर काहीही ठेवा, आकडा चार किलो कमी यायचा. आमच्या भागात याला 'काटा मारणं' म्हणतात. ऊस असो की शेंगा, इथला शेतकरी काटा मारणाऱ्याला जेवढ्या शिव्या घालतो तेवढ्या पावसालाही घालत नाही. शिक्का मारणारे सरकारी साहेब यायचे तेव्हा मोहनराव शिसं काढायचा आणि ते गेले की पुन्हा लावायचा. आप्पाने हुकूम एकदाच दिला. नंतर त्याला खाली वाकून बघायचीही गरज पडली नाही.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. तोंड असतं तर भर बाजारात बोंब मारली असती.

माळावरच्या वस्तीवर तानूबाई राहायची. तिच्या सासऱ्यापर्यंत त्या घरात मेंढरांचा कळप होता. कळप मोडला, कालव्याचं पाणी आलं, तशी ती भुईमूग लावू लागली. तरुणपणी कोकरं उचलून उचलून तिच्या हातालाच वजन कळायचं. तिचं पोतं माझ्यावर चढलं आणि मोहनरावाने आकडा सांगितला, तशी ती पदर खोचून उभी राहिली.

"घरनं भरल्यालं पोतं हितं आल्याव हलकं कसं हुतंय?"

आप्पा गादीवरून हसला. "म्हातारे, काटा द्येव हाय. द्येवाला खोटं म्हणतीस व्हय?"

बापाचं वाक्य! बापाचं वाक्य त्याने असं वापरलं. तानूबाई माझ्या पायाशी थुंकली आणि म्हणाली, "असला द्येव मला नगं. खोटारडा हाय त्यो."

मित्रांनो, ती थुंकी मी विसरलो नाही. तिचा मला राग नाही. तिचं खरंच होतं. पण त्या दिवसापासून सगळ्या वस्त्यांवर माझं नाव पडलं, 'आप्पासाहेबांचा खोटा काटा'. पोरं खेळताना रडीचा डाव खेळणाऱ्याला "काय रं, सणसरचा काटा हायस का?" म्हणून चिडवायची. खोटं त्याने करायचं आणि खोटा मी! तो आप्पासाहेबच राहिला. मी तेव्हाच मनाशी म्हटलं, बेट्या, माझ्यावर सगळ्यांची पोती चढवतोस. एक दिवस तू स्वतः चढशील, तेव्हा बघतो तुझ्याकडे.

वर्षं गेली. मारलेल्या काट्यातून वाचलेल्या शेंगांची वेगळी पोती गादीच्या मागेच असत. आप्पा बसल्या जागी दिवसभर त्या फोडायचा आणि तोंडात टाकायचा. त्याचं पोट वाढत गेलं. गादीवरून उठताना दोन माणसं लागू लागली. आणि शहाण्णव साली, दीड वर्षाच्या आडसाली उसाला पाणी चाललंय का ते बघायला गेला असताना, बांधावरच त्याच्या छातीत कळ आली.

बारामतीचे डॉक्टर परदेशातली कसली परिषद करून नुकतेच आले होते. त्यांनी आप्पाला तपासलं आणि सरळ सांगितलं, "आप्पासाहेब, वजन उतरवा. नाहीतर पुढच्या दिवाळीची खात्री मी देत नाही." मग त्यांनी भूमध्य आहार समजावून सांगितला. भूमध्य समुद्राच्या काठचे लोक भरपूर भाज्या, कडधान्यं, जाड्याभरड्या पिठाची भाकर आणि मासळी खातात, गोड जवळजवळ खातच नाहीत. चांगल्या तेलाला घाबरायचं नाही. रोज मूठभर दाणे खायचे.

आता आप्पाने काय ऐकलं असेल? भूमध्य हा शब्द त्याने जन्मात ऐकला नव्हता. भुईमूग मात्र चांगला ओळखीचा होता. त्यात दाणे आले, तेल आलं, मूठही आली. स्वारी खुशीत घरी आली आणि अंगणातूनच बायकोला ओरडून म्हणाली, "अगं दगडाबाई! डागदरानं भुईमूग आहार सांगितलाय!"

"इश्श, मंग अवघड काय त्यात?" दगडाबाई म्हणाली. "घरात पोत्यानं हाय की!"

झालं सुरू. सकाळी दाण्याचा लाडू, दुपारी दाण्याची आमटी, चटणीवर तेलाची धार, रात्री दाण्याची पोळी. सूनबाई राजलक्ष्मी शिकलेली, पण तेव्हा पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेलेली. शंका घेणारं घरात कुणी नव्हतं. मूठभर म्हटलं तर आप्पाची मूठ म्हणजे घमेलंच. आणि ते दाणे कोणते? गादीमागच्या पोत्यातले. तानूबाईचे, तिच्या शेजारच्या वस्तीवरच्या गोजरबाईचे, सगळ्या माळाचे. लोकांचा माल एकेक घास त्याच्या अंगावर चढत होता आणि मी कोपऱ्यातून बघत होतो.

आठवडाभराने तो माझ्यापुढे येऊन उभा राहिला. चपलेसकट माझ्यावर चढला. माझे सांधे कुरकुरले, पण मनातून मी नाचत होतो. ये, ये बाळा! डॉक्टरांकडच्या काट्याने दाखवलं होतं त्यापेक्षा मी चार किलो कमी दाखवलं. मला जे शिकवलं होतं, तेच फक्त मी केलं.

"आयला!" आप्पा ओरडला. "आठ दिसात चार किलू! मोहनराव, बघितलं का?"

मोहनरावाने तबकडीकडे बघितलं, मालकाच्या फुललेल्या चेहऱ्याकडे बघितलं आणि गप्प बसला. मालक खूश आहे तर आपण कशाला तोंड उघडा, असा तो माणूस. आप्पाला मात्र शिशाची आठवणही आली नाही. दुसऱ्याच्या पोत्याला लावलेलं शिसं स्वतःच्या पोटालाही लागू पडतं, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. उलट तो जो भेटेल त्याला सांगू लागला, "भुईमूग खा, वजन उतरतंय." आणि एवढं उतरतंय म्हणून लाडवाचा आकारही वाढवला.

महिन्याने राजलक्ष्मी बाळाला घेऊन परत आली. सासऱ्याचं ताट बघून ती हबकली. दुसऱ्याच दिवशी ती त्याच्याबरोबर बारामतीला गेली. डॉक्टरांनी आप्पाला काट्यावर उभं केलं, तर वजन आधीपेक्षाही वाढलेलं. "काय खाता तुम्ही?" त्यांनी विचारलं. "तुमीच सांगितल्याला भुईमूग आहार," आप्पा ठसक्यात म्हणाला. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. हे सगळं मी नंतर राजलक्ष्मीच्या तोंडून ऐकलं.

त्या दिवशी गावचा बाजार होता. अंगणात पोती रचलेली, माणसं दाटलेली. जीप येऊन थांबली आणि आप्पा लालबुंद होऊन उतरला. सकाळी माझ्यावर बघितलेला आकडा तिथे खोटा ठरला होता, डॉक्टरांनी चारचौघांत झापलं होतं, दिवाळी डोळ्यांपुढे नाचत होती. तो तरातरा माझ्याकडे आला आणि त्याने मला लाथ घातली. माझी दांडी थरथरली.

"ह्यो काटाच खोटा हाय!" तो सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असा ओरडला. "चक्क चार किलू कमी दावतोय!"

मित्रांनो, याच वाक्यासाठी मी इतकी वर्षं शिव्या खाल्ल्या होत्या.

अंगणातल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. आपल्या पोत्यावर बसलेली तानूबाई हळूच उठली.

"किती म्हणलासा, आप्पासायेब?"

आता आठवलं आप्पाला! मी बघत होतो. डोळे आधी माझ्या तबकडीकडे गेले, मग मोहनरावाकडे, मग जमिनीकडे. काटा खरा म्हणावा तर डॉक्टर खोटे, पण छातीतली कळ तर खरी होती. काटा खोटा म्हणावा तर अख्ख्या माळासमोर स्वतः चोर.

"पुन्यांदा सांगा की," तानूबाई म्हणाली. "मी इतकी वरसं ह्येच सांगत हुते. तवा तुमी म्हणला, काटा द्येव हाय."

राजलक्ष्मी पुढे आली. तिने तबकडी उलटी केली, नखाने डांबर खरवडलं आणि ते शिसं काढून सगळ्यांना दाखवलं. तिची मान खाली गेली होती. "आप्पा, हे काय आहे?" एवढंच ती म्हणाली. मोहनराव तेवढ्यात गोठ्याकडे पसार झाला होता.

मग जो गलका झाला तो काय सांगू! लोक दुकानात घुसले, आपापलं मागू लागले, आणि त्यांना ते द्यावंही लागलं. तानूबाई मात्र जागची हलली नाही. आप्पाने हात जोडले. "तानूबाई, तुझं काय आसंल ते घिऊन जा. झालं ग्येलं."

"मला दुसरं काय बी नगं. माझ्या शेंगा पायजेत."

"कुठनं आणू त्या?"

"त्या काय, तितं हायेत की." तिने त्याच्या पोटाकडे बोट दाखवलं. "तितनं उतरवून दावा. दर बाजारी हितं ह्या काट्याव उभं ऱ्हायचं. वजन मी सांगनार."

लोक हसून हसून लोळले. आप्पा काय करतो? डॉक्टरांनी दर आठवड्याला वजन करायला सांगितलंच होतं आणि सगळ्या गावात माणूस मावेल असा काटा मीच होतो.

पुढच्या बाजारापासून सुरू झालं. तानूबाई माझी दांडी सरळ करायची आणि मेंढरांना हाळी घालावी तशा आवाजात आकडा सांगायची. तो रस्त्यापर्यंत ऐकू जायचा. घरात राजलक्ष्मीने खरं समुद्राकाठचं जेवण सुरू केलं. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, तांदुळजा, काकडी-टोमॅटो आणि आठवड्यातून दोनदा धरणाकाठच्या भिगवणहून आलेल्या मासळीचं कमी तेलाचं कालवण. तिकडचं जैतुनाचं, म्हणजे ऑलिव्हचं तेल मेडिकलमध्ये तेवढं मिळालं, तेही बाळाच्या मालिशीचं. ते बाळाला लावलं आणि आप्पाच्या ताटात करडईचं तेल आलं. दाणे रोज मूठभरच, पण मूठ राजलक्ष्मीची.

आप्पा रडकुंडीला आला. बाजारच्या दिवशी ताप आल्याचं सोंग करून बघितलं. तानूबाई थेट पडवीत येऊन बसली. पहिले चार किलो उतरले तेव्हा ती म्हणाली, "हे माझं झालं." आप्पाला वाटलं, सुटलो. तेवढ्यात गोजरबाई पोत्यावरून उठली. "आता माझं." तिच्यामागे तिसरा उभा होता, त्याच्यामागे चौथा. अख्ख्या माळाच्या शेंगा त्याच्या पोटावर होत्या, थांबतो कसा? लोक त्याला एकेक किलो करून सोलत होते आणि त्यामुळेच तो जगला. पुढची दिवाळी त्याने बघितली. ते शिसं तानूबाईने बटव्यात सुपारीशेजारी ठेवलं. कुणी म्हणालं, चुकून चघळशील. ती म्हणाली, "न्हाय चुकत. हाताला वजन कळतंय माझ्या."

आता दुकानात विजेवरचा काटा आलाय आणि मी पडवीत असतो. कोंबड्या माझ्यावर झोपतात. आप्पा महिन्यातून एकदा येऊन वजन करतो. परवा आसपास कुणी नाही असं बघून त्याने माझी दांडी धोतराच्या सोग्याने पुसली आणि पुटपुटला, "चुकलं रं माझं." दांडी थोडी हलली, पण ती वाऱ्याने. मी त्याला माफ केलेलं नाही आणि करायचा विचारही नाही. मात्र माझ्यावर चढताना आता तो चपला बाहेर काढतो, एवढं मी बघून ठेवलंय.

तर मित्रांनो, तुमच्या घरी, दुकानात काटा असेल तर त्याला पुसत जा, सांध्यांना तेल देत जा, त्याच्यावर डबे-पेट्या रचू नका. आणि त्याच्या तबकडीखाली काहीही चिकटवू नका. आम्हाला शिव्या द्या, लाथा घाला, आम्ही ऐकून घेतो. आम्हाला घाई नसते. आज ना उद्या तुम्ही स्वतःच आमच्यावर चढता.