खालचा हात

रोलिंग मिलमध्ये तापलेली सळई उसळून डाव्या हातावर बसली, तेव्हा कल्याण चौतीस वर्षांचा होता. शेवटची दोन बोटं गेली, मधलं ताठ झालं; धड उरले ते अंगठा आणि तर्जनी. जखम भरली, पण जालन्याच्या एमआयडीसीत तसल्या हाताला काम कोण देणार? बायको वंदना बियाण्याच्या कारखान्यात जायला लागली आणि कल्याण घरी बसला. हात तो सदा रुमालात गुंडाळून ठेवी. दारात कुणी आलं तरी बाहेर काढत नसे.

शेजारी अजीजुन्निसा चाची एकट्या राहायच्या. त्यांचे नवरे बदरोद्दीन हैदराबादेत कारचोबी शिकून आलेले कारागीर. लाकडी चौकटीवर कापड ताणायचं आणि त्यावर जरीनं फुलं-वेली भरायच्या, हे त्यांचं काम. चौकटीला ते अड्डा म्हणत. नात कहकशाच्या लग्नासाठी म्हणून त्यांनी एक किरमिजी दुपट्टा भरायला घेतला आणि तो अर्ध्यावर असतानाच ते वारले. चार वर्षं दुपट्टा मलमलीत गुंडाळून पेटीत पडला होता. आता कहकशाचं लग्न ठरलं. पाच महिन्यांनी, परतूरला. चाचींनी दोघाचौघांना विचारून पाहिलं, पण जो तो मशीनवर करून देतो म्हणायचा. चाचींच्या स्वतःच्या डोळ्यांना आता धागा दिसत नव्हता. बोटांना मात्र टाका अजून बराबर कळायचा.

एका सकाळी त्यांनी अड्डा उन्हाला काढला. एकट्या ओढून राह्यल्यात हे पाहून कल्याण धावला आणि त्या गडबडीत रुमाल सुटला. चाचींनी त्याचा हात धरला, अंगठा आणि तर्जनी वाकवून पाहिली.

"ही दोन चालतात ना? मंग झालं," त्या म्हणाल्या. "आरी, म्हणजे आकडीची सुई, वरच्या हातात असते. खालच्या हातानं कापडाखालून फक्त धागा द्यायचा. त्याला दोनच बोटं लागतात."

कल्याणला वाटलं, चाची थट्टा करून राह्यल्या. "चाची, मी लोखंड ओढणारा माणूस. मला हे न्हाई जमायचं."

"जरीचा धागा म्हणजे तारच की बेटा. फक्त बारीक."

घरात बसून भिंती मोजण्यापेक्षा बरं, म्हणून तो गेला. अड्ड्यावर चाचींनी जुनी चादर ताणली. वरून आरीचं आकडी टोक कापडात घालायचं, खालच्या बोटांनी त्यात धागा अडकवायचा, आरी वर ओढायची, की साखळीचा एक टाका. सांगायला एवढंच. पण आरी वर यायची ती रिकामी. धागा अडकलाच तर तुटायचा. चाची डोळे मिटून ओळीवरून बोट फिरवायच्या आणि एकच शब्द बोलायच्या, "उसव." महिनाभर त्यानं जेवढं भरलं तेवढं सगळं उसवलं. दोनदा तो रागानं उठून गेला, दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी स्वतःहून परत आला.

मंग एका दुपारी खालची बोटं आपोआप आरीपाशी जाऊन थांबायला लागली. तो बघत होता वर, आणि खाली धागा चालला होता. एक अख्खी वेल झाली. चाचींनी बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि "उसव" न म्हणता चहा टाकायला उठल्या.

मिलमधला सोमेश्वर भेटायला आला तो हे बघून हसतच सुटला. बायकांचं काम धरलं का, म्हणाला. कल्याणचं तोंड उतरलं. चाचींनी सोमेश्वरला शांतपणे सांगितलं की, हैदराबादेत त्यांचे मियाँ बसायचे त्या कारखान्यात तीस अड्डे होते आणि तिसावरही पुरुषच होते. आणि त्यालाही एक साखळी ओढून पाहायला बसवलं. तीनदा धागा तुटला. सोमेश्वर चहा पिऊन गेला.

त्यानंतर चाचींनी पेटी उघडली. बदरोद्दीनचं काम इतकं जवळून पाहताच कल्याणला घाम फुटला. पहिल्या दिवशी त्याच्या हातून तीनच पाकळ्या झाल्या. पण रोज थोडी थोडी वेल पुढे सरकत गेली. सुट्टीच्या दिवशी वंदना शेजारी बसून चमकीच्या टिकल्या निवडून द्यायची. लग्नाला आठ दिवस राहिले असताना शेवटचा कोपरा भरून झाला.

लग्नाच्या आदल्या दिवशी परतूरच्या अंगणात पाहुण्यांना बघायला म्हणून दुपट्टा खाटेवर पसरला. बदरोद्दीनबरोबर शिकलेले, मूळचे इकडचेच एक म्हातारे उस्ताद हैदराबादहून आले होते. त्यांनी चष्मा पुसला, वाकले आणि वेलीवरून बोट नेत नेत एका ठिकाणी थांबले.

"यहाँ तक बदरोद्दीन है," ते म्हणाले. "यहाँ से कोई और है."

कल्याणनं डाव्या हातावरचा रुमाल आणखी घट्ट केला.

"बदरोद्दीन वळणावर टाका ढिला सोडायचा," उस्ताद पुढं म्हणाले. "जिंदगीभर टोकलं, ऐकलं न्हाई. यानं बराबर ओढलाय. किसका हाथ है?"

चाचींनी कल्याणला पुढं केलं. त्यानं उजवा हात दाखवला.

"वो नहीं. नीचे का."

कल्याणनं रुमाल सोडला. सगळ्यांसमोर, भर उन्हात, तो हात त्यानं पुढं धरला. उस्तादांनी तर्जनीवरचा धाग्यानं पडलेला घट्टा चाचपला आणि तो हात आपल्या डोळ्यांना लावला.

"मेरा शागिर्द," चाची सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या.

उस्तादांनी तिथल्या तिथं काम देऊ केलं, हैदराबादच्या एका दुकानाचे सहा दुपट्टे, सहा महिन्यांत. कल्याण एरवी मान डोलावून गप्प बसला असता. पण या कामाला किती दिवस लागतात ते आता त्याला ठाऊक होतं.

"सहा महिन्यांत न्हाई होणार," तो म्हणाला. "दोन देईन. घाईचं काम आमच्या अड्ड्यावरून जायचं न्हाई."

उस्तादांनी चाचींकडे पाहिलं. चाचींनी आपल्याला काही ऐकूच आलं नाही असा चेहरा केला. मंग ते हसले आणि दोनावर कबूल झाले.

दुसऱ्या दिवशी कहकशा तो दुपट्टा ओढून बायकांत बसली. ज्या त्या बाईनं पदर हातात घेऊन विचारलं, हे कुणी भरलं? वंदना तिथंच होती. ती दर वेळी उठून उभी राहायची आणि सांगायची, "आमच्या ह्यांनी."

जालन्याला परतताना गाडीत तिनं ही गोष्ट कल्याणला चारदा सांगितली. पाचव्यांदा त्यानंच विचारलं, मंग तू काय म्हणालीस?