आठ ओळींची खुरपणी

तणनाशकाच्या पंपाच्या नोझलवर टोपी घट्ट बसवून नवऱ्याने पट्टे खांद्यावर ओढले, तशी ती कपाशीच्या पहिल्या ओळीत त्याच्या वाटेत जाऊन उभी राहिली.

“कालव्याकडच्या आठ ओळी फवारू नका,” ती म्हणाली. “तिथं खुरपणी करून घेऊ.”

“आठ ओळींसाठी कोण येणार?”

“मी विचारून येते.”

“अगं, खुरप्यानं माती हलली की खाली झोपलेलं तणाचं बी जागं होणार. तीन वर्षं नांगर घातला नाही तो कशासाठी?”

त्याचं चुकत नव्हतं. गेल्या वर्षीच्या पिकाचा पालापाचोळा जमिनीवर तसाच पसरलेला होता. त्याखाली हात घातला की माती गार लागायची. पाण्याची एक पाळी वाचत होती, आणि कपाशी तर आताच कमरेला लागली होती. तिला वाद घालायचाच नव्हता.

“आठच ओळी,” ती पुन्हा म्हणाली.

कितीतरी महिन्यांत तिने काही मागितलं नव्हतं. नवऱ्याने पंप खाली ठेवला.

“जाऊन ये. पण उद्यापर्यंत सांग. तण काही माझ्यासाठी थांबायचं नाही.”

खुरपणीला पूर्वी बाराजणी यायच्या. त्यांची पुढारी लांब मावशी; नाव उंचीवरून पडलेलं. त्या आल्या की शेतातलं घर जागं व्हायचं. ही पाणी द्यायचं निमित्त करून जायची आणि कळशी रिकामी झाली तरी बांधावर बसून राहायची. कोणाच्या सासूची नक्कल, कोणाच्या जावयाची फजिती, मध्येच एखादीचं गाणं. पाचव्या महिन्यात हिच्या पोटातलं मूल गेलं, त्या वर्षी घरी येणाऱ्या प्रत्येकाने हिला समजावलं होतं. लांब मावशीने फक्त एक खुरपं तिच्या हातात दिलं आणि म्हटलं, “वहिनी, माझ्या शेजारची ही पात तुमची.” संध्याकाळपर्यंत दोघी आपापल्या ओळीत खुरपत शेजारी शेजारी सरकत राहिल्या. त्या रात्री तिला झोप लागली होती.

तणनाशक आलं आणि बायका यायच्या थांबल्या. कोणी भांडलं नाही, कोणी निरोपही घेतला नाही. नवरा दिवसभर शेतात, आणि घरात बोलायला भिंती.

कालव्यापलीकडची त्या बायकांची वस्ती तिने इतकी वर्षं फक्त लांबून पाहिली होती. विचारत विचारत ती पोचली, तेव्हा लांब मावशी दारात उभ्याने कपडे वाळत घालत होती. तिला पाहून मावशीच्या हातातली चादर तशीच राहिली.

“वहिनी? घरी सगळं ठीक ना?”

“ठीक आहे. खुरपणीचं विचारायला आले होते. आठच ओळी आहेत.”

मावशी हसली. “ते खुरपं कुठं गेलं तेही ठाऊक नाही मला. दवाखान्यात लागलेय, कपडे धुवायच्या यंत्रावर. उभ्यानं काम. आधी दिवसभर उकिडवी, माझी उंची फक्त झोपल्यावर दिसायची.”

ती हसायला गेली, पण नीट जमलं नाही.

“बाकीच्या?”

“कोणी यायची नाही. राग मानू नका, पण तुमच्या त्या फवाऱ्याला मी मनातून हात जोडते. दोन महिने गुडघे पोटाशी घेऊन सरकायचं, आणि तिकडून आलं की चूल.”

“बरोबर आहे,” ती म्हणाली. ते दिवस मावशीला गुडघ्यांत आठवत होते, हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत ती तिथेच उभी राहिली.

मावशीने चादर तारेवर टाकली, चिमटा लावला आणि तिच्याकडे नीट पाहिलं.

“आठ ओळी तर तुम्ही एकट्या दोन दिवसांत काढाल वहिनी. तेवढ्यासाठी एवढं चालत आलात?”

उंबऱ्यापाशी ती बसू लागली, तेव्हा मावशीने तिच्या दंडाला धरलं.

“तिथं नको. आत या.”

घरी परतेपर्यंत ऊन कलंडलं होतं. नवरा पायरीवर बसून बुटांची माती काढत होता.

“किती जणी येतायत?”

“कोणी नाही. फवारून टाका त्या ओळी.”

“मग एवढा वेळ कुठं होतीस?”

“तिच्याकडेच.” तिने चपला काढून पायरीशी ठेवल्या. “गुरुवारी पुन्हा जाणार आहे. तिला सुट्टी असते.”

“आता कसलं काम?”

“काम नाही,” ती म्हणाली. “बसायला.”