ओंजळभर दाढी

मी उत्तमराव कंडक्टरांचा रेझर बोलतोय. मूर्तिजापुरातल्या त्यांच्या न्हाणीघराच्या खिडकीत चौतीस वर्षं काढली मी. अंगावरची चकाकी कधीच गेली, आतलं पितळ दिसायला लागलं. दांडा मात्र अजून घट्ट आहे.

मला आणलं मैनाबाईंनी. लग्नाला जेमतेम महिना झाला होता. हळदीच्या दिवशी उत्तमरावांच्या गालाला हळद लावताना धाकट्या मेहुणीनं हात झटकला होता आणि भर मांडवात विचारलं होतं, "भाऊजी, गाल हाय का कानस?" सगळा मांडव हसला. मैनाबाईंना तेवढं लागलं. पहिल्यांदा अकोल्याला गेल्या तेव्हा टिळक रोडवरच्या कटलरीच्या दुकानात त्या हळूच म्हणाल्या, "लय राठ दाढी हाय हो. तिले पुरून उरंल असा द्या." दुकानदारानं मला पुढं केलं. किती राठ ते त्याला काय माहीत! मला दुसऱ्या दिवशी पहाटे कळलं.

दाढी ओळखायला डोळे लागत नाहीत. बोटांची मागची बाजू गालावरून खालून वर, उलटी फिरवायची. मऊ दाढीवर बोट घसरतं, राठ दाढीवर अडतं. मग पाणी बघायचं. मऊ केस दोन मिनिटांत भिजतो, राठ केसाला गरम पाण्याचं फडकं धरून ठेवावं लागतं. आणि शेवटी आवाज. मऊ दाढीत मी गुपचूप जातो, राठ दाढीत कर्र कर्र वाजतो. उत्तमरावांच्या हनुवटीवर तर कपाशीची पऱ्हाटी कापल्यावर रानात धसकटं राहतात तशी दाढी. पहाटे केली की अकोल्याची दुसरी फेरी मारून येईपर्यंत गाल पुन्हा हिरवे. एक ब्लेड तीन दिवस चालायचं. चौथ्या दिवशी हमखास रक्त.

माणूस आरशासमोर एकटा असला की किती वेगळा असतो, ते मी पाहिलंय. बाहेर सगळ्या गाडीवर ओरडणारा हा माणूस, गालाला फेस लावला की स्वतःशीच हळू आवाजात बोलायचा. आज कोणत्या म्हातारीला जागा मिळवून द्यायची, कोणत्या पोरांना मागं सरकवायचं, सगळं आरशाला आधी सांगून व्हायचं. बाहेरून मैनाबाई म्हणायच्या, "आरशातल्या पाहुण्याले चहा ठेवू का?"

मैनाबाईंचं बोलणं देवाशी. सोमवार, चतुर्थी, एकादशी, काही ना काही चालूच. उत्तमराव चिडवायचे, "महिन्यात तुह्या पोटात अन्न किती दिवस जाते व?" त्या हसून म्हणायच्या, "तुमचं पोट भरलेलं दिसते ना? ते माह्या उपासानंच."

गेल्या वर्षी उत्तमराव निवृत्त झाले. दोन महिन्यांत कंबर दुखायला लागली. आधी तेल लावलं, मग शेक दिला, मग लेक रागिणी त्यांना अमरावतीच्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथून आल्यावर त्यांनी मला हातात घेतलं, पण गालाला लावलं नाही. आरशाकडं बघत म्हणाले, "प्रोस्टेटची गाठ हाय. हाडात उतरली म्हणते. तीन महिन्यांनी एक सुई. बरं होणार नाही, थोडं थांबून राहील." जरा वेळानं म्हणाले, "आणि त्या सुईनं दाढी मऊ पडंल, विरळ होईल म्हणे." मग फिकट हसले. "कानस गेली."

हे डॉक्टरांनी बाप-लेकीला सांगितलं होतं. मैनाबाईंना दोघांनी एवढंच सांगितलं, की सुया घेतल्या की आराम पडतो.

आषाढी एकादशीला मैनाबाई न्हाणीघराच्या दाराशी आल्या आणि त्यांनी मला उत्तमरावांच्या हातातून काढून घेतलं.

"उद्यापासून दाढी बंद."

"काहून व?"

"पूर्णेच्या काठच्या महादेवाले नवस बोलली मी. चातुर्मासभर दाढीले रेझर लागू देत नाही. म्हटलं, त्रिपुरी पौर्णिमेले ओंजळभर केस तुले वाहीन, माह्या माणसाले बरा कर."

"अवं, मले विचारायचं तरी!"

"देवाशी बोलायले तुमाले काय विचारू? आन् दाढीशिवाय भरपूर असं तुमच्याजवळ हाय तरी काय?"

किती खरं बोलल्या होत्या त्या! घरात जे कधीच कमी पडलं नव्हतं तेच त्यांनी देवाला कबूल केलं होतं. उत्तमरावांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता सांगतील. पण समोर मैनाबाईंचा चेहरा असा उजळला होता, की ते नुसतं म्हणाले, "बरं. ओंजळभर."

मला धुऊन, पुसून, लाल फडक्यात गुंडाळून देवघराच्या कोनाड्यात ठेवलं. तिथून मला घर दिसायचं. दर सोमवारी मैनाबाई दिव्याच्या उजेडात नवऱ्याचा चेहरा बघायच्या आणि म्हणायच्या, "येऊन राहिली." पहिल्या महिन्यात आलीही. दुसऱ्या महिन्यात जी थांबली ती थांबलीच. कानाजवळ उजाड, गालावर कापसाच्या बोंडातून सुटलेल्या तंतूंसारखे चार केस, हनुवटीवर फिकट लव. उत्तमरावांनी मफलर बांधायला सुरुवात केली. ऑक्टोबरच्या उन्हात, कूलर सुरू असताना मफलर! शेजारणीनं विचारलं तर म्हणाले, "थंडी वाजते बाप्पा, म्हातारपण." मैनाबाईंनी उठून कूलर बंद केला.

त्रिपुरीच्या आदल्या दिवशी दुपारी मैनाबाई दळण आणायला गेल्या, तेव्हा सहदेव आला. त्याचं बसस्टँडजवळ केशकर्तनालय आहे. उत्तमरावांच्या डोक्याचे केस वर्षानुवर्षं तोच कापतो.

"सहदेव, एक काम हाय. तुह्या दुकानातले दाढीचे केस आण पुडीत. पांढरे-काळे पाहून. मूठभर."

"काय करता?"

"उद्या देवळात माह्या केसांत मिसळ. हिची ओंजळ भरली पाहिजे."

"उत्तमभाऊ, देवाच्या दारात लोकाचे केस?"

"देवाले समदं माहीत हाय रे. हिलेच माहीत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी जीपनं निघालो. पुढं उत्तमराव, उशांना टेकून. मागं मैनाबाई, रागिणी, सहदेव. मैनाबाईंच्या पिशवीत बेल, फुलं, नवं ब्लेड आणि मी. "ह्यांचाच रेझर पाहिजे," असं त्यांनी सहदेवला बजावलं होतं.

देवळाच्या पायऱ्यांवर सहदेवनं मफलर सोडला. बोटांची मागची बाजू गालावरून वर नेली. बोटं कुठंच अडली नाहीत. मग तो मुद्दाम मोठ्यानं म्हणाला, "अरे बाप्पा! वहिनी, दोनदा साबण लावा लागते हो!" त्यानं एवढा फेस केला की उत्तमरावांचे नुसते डोळे दिसत होते. मग मला गालाला टेकवलं.

चौतीस वर्षं मी ज्या गालावर कर्र कर्र वाजलो, तिथून मी असा गेलो जसं काही तिथं कुणी नव्हतंच. आवाज नाही. सहदेव खोकला. पुन्हा ओढ, पुन्हा खोकला. तो गप्पा मारत होता, सोयाबीनच्या, पोट्ट्यांच्या शाळेच्या, कशाच्याही. उत्तमरावांनी डोळे मिटून घेतले होते.

मग सहदेवनं पाठ फिरवून पुडी सोडली आणि केळीच्या पानावर केस पुढं केले. "घ्या वहिनी. भरून घ्या."

मैनाबाईंनी ओंजळ केली. अंगठा केसांवरून फिरवला, एकदा, दोनदा.

"सहदेवभाऊ, हे कोणाचे हो?"

"कोणाचे म्हणजे? उत्तमभाऊचे."

"नाही." आवाज चढला नव्हता. "भादव्यापासून ह्यांच्या हाताले कप धरवत नाही. दूध मी पाजते, तोंड मी पुसते. काय उरलं ते माह्या बोटाले कळत नाही का?"

रागिणी रडायला लागली. उत्तमराव डोळे न उघडता म्हणाले, "मंग बोलली काहून नाही?"

"तुमी मफलर काहून बांधून राहिले, ते मी विचारलं का?"

सहदेव हात जोडून उभा होता. मैनाबाईंनी त्याच्याकडं रागानं पाहिलंसुद्धा नाही. ओंजळ तशीच धरून त्या पायऱ्या उतरल्या आणि केस पाण्यात सोडले. "ज्याच्या ज्याच्या दाढीचे असतील, त्याले त्याच्या घरी सुखी ठेव," असं म्हणाल्या.

मग परत आल्या आणि मला सहदेवच्या हातातून घेतलं. माझ्या कडेला फेसात चिकटलेले केस त्यांनी नखानं अलगद काढले. चिमूटही झाली नाही. ते त्यांनी बेलाच्या एका पानावर ठेवले, आत गेल्या, पिंडीपुढं ठेवले. मी त्यांच्या मुठीतच होतो, म्हणून ऐकलं.

"ओंजळ बोलली होती," त्या म्हणाल्या. "भरली नाही."

बस, एवढंच. मी वाट पाहत होतो. आता म्हणतील, तरी माह्या माणसाले बरा कर. एवढ्या वर्षांत देवाकडं काही न मागता त्या देवळातून निघाल्या, असं कधी झालं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी मागितलं नाही.

आता माघ चालू आहे. सुई लागू पडत नाही, असं अमरावतीच्या डॉक्टरांनी सांगितलंय, आणि आता ते मैनाबाईंना सांगितलंय. उत्तमराव खाटेवरून उठत नाहीत. रागिणी शनिवारी येते, रविवारी जाते, जाताना दारात उभी राहून जाते. मैनाबाईंनी सोमवार सोडलेला नाही. फक्त सोमवारी सकाळी पूजेच्या आधी त्या गरम पाण्याचं पातेलं, ब्रश आणि मला घेऊन खाटेशी बसतात.

माझ्यात ब्लेड नसतं. कातडी इतकी पातळ झालीय, की धार सोसवणार नाही, आणि कापायला काही उरलंही नाही. तरी त्या गालाला फडकं धरतात, भरपूर फेस करतात आणि मला वरून खाली हळूहळू ओढतात.

"झाली का व?"

"थांबा ना. हनुवटीवर लय राठ हाय."

उत्तमराव हनुवटी वर करतात. त्यांना ठाऊक आहे. मैनाबाईंना ठाऊक आहे, की त्यांना ठाऊक आहे. मी पुन्हा एकदा जातो, कुठंही न अडता.

माझं मागणं मोठं नाही. लोखंड-पितळ घेणारे भंगारवाले गल्लीत ओरडत येतात, रागिणी घर आवरताना नकोशा वस्तू बाजूला काढते, तेव्हा मी तिच्या हाती लागू नये. उत्तमराव हनुवटी वर करताहेत तोवर मला त्या खाटेशी राहू द्या. पुढं कुठं ठेवायचं, ठेवायचं की नाही, ते मैनाबाई ठरवतील. मला तेव्हा काही विचारू नका.