मुठीतली फणी

१९६९ साली पालघरच्या नव्या कॉलेजात आमच्या वर्गात वयानं मीच मोठी होते. जवळच्याच माहीम गावातल्या शाळेतली नोकरी सांभाळून शिकत होते. ‘श्रद्धा आणि कथा’ या विषयावर प्रत्येकानं निबंध मांडायचा होता. उत्तम ठरेल तो कॉलेजच्या अंकात छापणार होते. उमरोळीच्या पुष्पलतानं गावदेवीवर वाचलं. मग मी उठले.

मी बाबांवर बोलले. ते गोष्ट अर्धी सोडून होडीवर जात. “बाकीची आल्यावर,” म्हणत. गोष्ट अडलेली असली की माणूस परततो, हा त्यांचा विश्वास. घरचं कुणी समुद्रावर असताना आमच्यात गोष्टीचा शेवट सांगत नसत. मग त्यांची आवडती, नेहमी अर्धीच सोडलेली गोष्ट सांगितली. ठकी कोळणीची फणी दर्यानं नेली. ती रोज भरतीला मागायची. कितीतरी वर्षांनी दर्यानं तिच्यापुढे मूठ धरली.

इथं मी थांबले.

“मुठीत काय होतं?” गुप्ते सरांनी विचारलं.

“आज नाही सांगता येणार, सर. माझा भाऊ दादू समुद्रावर आहे.”

वर्ग हसला. सर म्हणाले, “शेवट येत नाही असं सरळ म्हणा! आपण श्रद्धेचा अभ्यास करतो, पालन नाही. अपुरा निबंध अंकात जाणार नाही.”

पुष्पलता कुजबुजली, “शकूताई, दे ना काहीतरी ठोकून!”

शेवट मला पाठ होता. गेल्या चैत्रात बाबांनी खाटेवर पडून तो पहिल्यांदा सांगितला. “पुरी झाली बघ, शकू.” काशीबाई काकू म्हणाली, आज बरा बोलतोय. मी खाटेजवळून हलले नाही. तिसऱ्या दिवशी ते गेले.

“मग अंकात नको, सर,” मी म्हणाले. “होडी रविवारी येईल. शेवट हवा असेल तर माहीमला या.”

रविवारी होडी किनाऱ्याकडे येताना दिसली. मासळी निवडता निवडता काकू ओरडली, “शकू, तुजा मास्तर आलाय गो! बूट भिजवून उभा हाय!”

दादूचे पाय वाळूला लागले, तेव्हा मी सरांकडे वळले.

“मुठीत फणीच होती. दातांत एक केस अडकलेला. ठकीचाच, काळाभोर. तिचे मात्र सगळे पिकले होते.”

सरांनी ओले बूट काढून हातात घेतले. मग म्हणाले, “लिहून द्या. अंकात घेतो.”

“देते. पण अंक पावसाळ्यात काढा, सर. तेव्हा सगळ्यांच्या होड्या घरी असतात.”