एकाच ठाणातली चार लुगडी

राजपुऱ्यात अनंताला सगळे ओळखत, पण हा माणूस नेमकं करतो काय हे एका दमात कोणाला सांगता येत नसे. नोकरी नाही, दुकान नाही. कापडाच्या ठाणावर चिकटवायची रंगीत लेबलं, बिडीच्या बंडलावरचा वाघ, लग्नपत्रिकेवरचा गणपती, नाटकमंडळीचा पडदा, जो येईल त्याचं काम तो घरच्या ओटीवर बसून करून देई. मास्तरकीची सरकारी नोकरी सोडली आणि भिकेचे डोहाळे लागले, असं त्याची बायको निर्मला म्हणे. म्हणे, आणि म्हणता म्हणता त्याचे ब्रश धुऊन ठेवी.

पण पोटासाठी ब्रश आणि जिवासाठी कॅमेरा, असं त्याचं होतं. खंडव्याच्या एका गोऱ्या गार्डाने विलायतेला जाताना विकलेली ती काळी पेटी घेऊन तो पहाटे तापीवर जाई. एका रिळात आठ फोटो. एकेका फोटोसाठी अर्धी सकाळ पाण्याकडे बघत बसे. धुकं जरा वर सरकेल, मग पलीकडचा काठ दिसेल, मग. कधी कधी काहीच न काढता परत येई आणि तरी दिवसभर खुशीत असे. त्याला सगळ्यांत आवडे तो मधला काळ: फोटो काढून झालाय, रीळ अजून धुतलेलं नाही. चित्र आहे, पण कोणी पाहिलेलं नाही. असं एखादं रीळ घरात असलं की तो झोपेतसुद्धा हसतो, अशी निर्मलाची तक्रार होती.

फाल्गुनात एक दिवस शहापूरचा दगा पाटील त्याच्या ओटीवर येऊन बसला. चाळिशीच्या आतला, केळी-कापसाचा खातापिता शेतकरी, चार भावांत थोरला. पाणी प्याला, पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि बराच वेळ त्याकडेच बघत राहिला.

"भाऊ, तुम्ही चेहरे काढता म्हणे."

"काढतो. कोणाचा काढायचाय?"

"मंगलीच्या मायचा. पौषात गेली ती."

मंगली ही त्याची मुलगी, सहा वर्षांची. बायकोचं नाव काही त्याने घेतलं नाही. त्या पिढीत घेतच नसत. घरच्यांनी आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, त्याचं दुसरं लग्न ठरवलं होतं. आणि त्यांच्यात रीत अशी, की दुसरेपणाच्या बायकोने पहिलीचा चेहरा ठोकलेला चांदीचा टाक गळ्यात घालायचा, तिची आठवण आणि तिचा मान म्हणून.

"सोनाराकडे साचा एकच हाये," दगा म्हणाला. "साऱ्यांच्या मेलेल्या बायका त्याच्याकडे एकसारख्या. मले तसा नको. माझी बायको असंल त् तीच असली पाहिजे. तुम्ही काढून द्या, मी सोनाराच्या म्होरं ठेवतो."

अनंताने कागद घेतला. "बरं, सांगा. नाक कसं होतं?"

डोळे कसे, कपाळ कसं, हनुवटी कशी, अनंत विचारत गेला आणि दगाची मान खाली जात गेली. शेवटी तो म्हणाला, "मले काय मालूम, भाऊ?"

नऊ वर्षांचा संसार. घरात बाप, चुलते, वीस माणसं. दिवसा मोठ्यांसमोर पदर हनुवटीपर्यंत. रात्री घरात दिवा जाळायची पद्धत नाही. धाकट्या दिरांसमोर मात्र वहिनीला पदर घ्यावा लागत नाही. म्हणजे गंमत बघा, दगाच्या बायकोचं तोंड त्याच्या तिन्ही भावांनी रोज पाहिलं. ज्याने पाहायचं तो एकटाच तेवढा राहिला. आणि भावांना विचारावं, तर बायकोवेडा म्हणून गावभर डांगोरा. घरच्या बायकांना विचारावं, तर थोरल्या भासऱ्याने धाकट्या भावजयांपुढे तोंड उघडायचं कसं?

"तिचे हात सांगतो म्हना," दगा म्हणाला. "पाय सांगतो. पैंजण वाजले की वीस जनींत ओळखू ये ती. तोंड नाही सांगता येत."

आणि तो रडायला लागला. अनंताला काय करावं सुचेना. त्याने खोटा धीर म्हणून भराभर एक चेहरा काढला: सरळ नाक, मोठे डोळे, ठसठशीत कुंकू. दगाने पाहिलं आणि म्हणाला, "ही त् ठाणावरची लक्ष्मी हाये."

खरंच होतं. दहा वर्षं अनंत एकच बाई काढत आला होता. कधी तिच्या हातात कमळ, कधी सूत. तो मनातून चांगलाच वरमला.

"तिला शेवटची हसतीखेळती कधी पाहिली?" त्याने उगाच विचारलं.

"हसती कुठली! गरीब गाय होती. कार्तिकी पुनवेले गाडीत घालून आनलं व्हतं साऱ्या सुनांले, राजघाटावर, दिवे सोडाले. चौघींले एकाच ठाणातली लुगडी बाबानं घेतली व्हती. मी वर बैलांपाशी व्हतो."

अनंताचा हात थांबला. चहाच्या डब्यात एक रीळ चार महिने पडून होतं. कार्तिकी पौर्णिमेच्या पहाटे तो नावेत होता, पाण्याच्या बाजूला. धुक्यात द्रोणातले दिवे येताना काढायचे होते. तेवढ्यात पायऱ्यांवर बायका उतरल्या, आणि नदीसमोर कसली लाज, म्हणून पदर मागे टाकून पाण्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्याने खटका दाबला होता. घरी आल्यावर स्वतःचीच शरम वाटली. परक्या बायका, उघड्या तोंडाने, न विचारता. ते रीळ त्याने धुतलंच नव्हतं. निर्मलालाही सांगितलं नव्हतं.

आता सांगावं तर मार खायची पाळी, न सांगावं तर समोर हा माणूस. अनंताने सांगून टाकलं.

दगाने मांडीवरचं पागोटं उचलून डोक्यावर ठेवलं. मग म्हणाला, "दुसऱ्या टाइमले भेटले असते त् त्याच घाटावर बुडवले असते तुम्हाले."

"आणि आता?"

"आता धुवा लवकर."

धुवायला दोन दिवस गेले. मग भर दुपारी अनंताने दगाला मागच्या कोठीत नेलं. दार लावलं, फटी चिंध्यांनी बुजवल्या. खिडकीच्या फळीला रुपयाएवढं भोक होतं. त्याच्यापुढे फिल्म आणि भिंग बसवलेलं. बाहेरचं ऊन त्यातून आत आलं आणि समोरच्या भिंतीवर तापी उभी राहिली. सगळं उलटं: पाणी काळं, केस पांढरे, दिव्यांच्या जागी काळे ठिपके. दगाने आपोआप हात जोडले. अनंताने भिंतीवर कागद लावला, मोजून आकडे म्हटले, भोक बुजवलं आणि तो कागद लाल काचेच्या कंदिलाखाली ताटातल्या औषधात बुडवला. पांढऱ्यावर आधी पायऱ्या आल्या. मग चार बायका, एकाच ठाणातली लुगडी नेसलेल्या, एका रांगेत.

दगा त्या ताटावर वाकून श्वास रोखून उभा होता. धाकट्या भावांच्या बायकाही त्याच्यासमोर पदर घेत, त्यामुळे चारही तोंडं त्याला सारखीच परकी. हात द्रोणाआड, पाय पाण्यात. शेवटची बाई तर तोंड उघडून खदखदा हसत होती. तिच्यावरून नजर काढून तो तिसरीवर थांबला. तिची मान खाली, डोळे पाण्याकडे.

"हीच," तो म्हणाला. "अशीच राहे ती. गुमसुम."

मग महिनाभर अनंताने दुसरं काम घेतलं नाही. त्या हरभऱ्याएवढ्या चेहऱ्यावरून त्याने मोठा चेहरा काढला. दहा वर्षांत पहिल्यांदा तो कोणा एका बाईचं नाक काढत होता, जरासं डावीकडे कललेलं. निर्मला ओटीवरून जाता-येता बघे आणि म्हणे, "आता दिसतंय माणूस." त्याला दिवस कधी उगवला, कधी मावळला कळत नसे, आपण नदीतच कुठेतरी बसलोय असं वाटे.

चैत्रात दगा चित्र न्यायला आला तो मंगलीला घेऊन. मावा जिलेबीच्या बोलीवर पोर गाडीत बसली होती. दगाने चित्र दोन्ही हातांनी धरलं. डोळे भरले त्याचे. मंगलीपुढे धरून म्हणाला, "पाह्य बरं, कोन हाये?"

मंगलीने जिलेबी खात पाहिलं. "नर्मी काकू."

अनंताने चित्र स्वतःकडे वळवून पुन्हा पाहिलं. घरातल्या सगळ्यांची भीड वाटली दगाला. या पोरीला विचारावं हे मात्र कोणाच्या, अनंताच्याही, ध्यानात आलं नव्हतं. दोघे पुरुष एवढे शहाणे! धाकट्या भावाच्या जित्याजागत्या बायकोचा टाक आखाजीला नवरीच्या गळ्यात पडायचा होता.

अनंताने मुकाट्याने घाटाचा फोटो आणला आणि पोरीसमोर ठेवला. तिने क्षणभरही शोधलं नाही. चिकट बोट शेवटच्या बाईवर टेकवलं.

"ही पाह्य, माय."

ती, खदखदा हसणारी.

दगाने फोटो उचलला, उजेडाकडे नेला. "ही? हसे ती?"

"हो, लई हसे."

"कधी?"

"तुम्ही जेवाले बसले का. माय दाराआडून तुमाले पाहे. तुम्ही भाकर कशी चावता, मिशी कशी हालते, ते मले दाखवे आन् हसे. म्हने, पाह्य, तुहा बाप किती भोळा हाये." मंगलीने बोटं चाटली. "रोज पाहे."

दगा ओटीवर खाली बसला. नऊ वर्षं रोज कोणीतरी आपल्याला पोटभर पाहत होतं, आणि आपण ताटात बघून जेवत होतो. त्याने फोटोतल्या त्या चेहऱ्यावरून, अगदी दबकत, अंगठा फिरवला. मग अनंताने मोठं चित्र उलटं करून ठेवलं आणि नवा कागद पुढे ओढला.

"घरच्या मोठ्यांचा मान म्हणून तोंड मिटलेलं काढू का?" त्याने हळूच विचारलं. "टाकातली बाई हसत नसते. सोनार नाही म्हणेल."

"सोनाराले मी पाहून घेतो," दगा म्हणाला. "तुम्ही तिचे दात काढा, भाऊ. सारे."