यमुनाबाईंच्या घरातले चार फ्रिज

सत्त्याऐंशी साली सिडकोत नळाला चौथ्या दिवशी पाणी यायचं, आणि घराघरांत मात्र रोज काहीतरी नवं यायचं. यमुनाबाईंचं घर तेवढं मोकळं होतं. नवरा अनंतराव कचेरीतून निवृत्त झालेले. दोघांना एक पलंग आणि दोन खुर्च्या पुरत. म्हणूनच मुंबईहून आलेल्या टीव्हीच्या दिग्दर्शकाला ते पसंत पडलं. वस्तू घेता घेता घरात माणसांनाच जागा उरत नाही, अशा कुटुंबाचं नाटक त्याला करायचं होतं.

"सामान कुठून आणणार?" यमुनाबाईंनी विचारलं.

"शेजाऱ्यांकडून उसनं. चार-पाच वस्तू पुरतील."

बातमी पसरली आणि सगळी गल्लीच लोटली. चार फ्रिज आले, सहा मिक्सर, तीन शोकेस, दोन कपाटं. शेजारच्या मालनबाईंचं नवंकोरं वॉशिंग मशीन चौघांनी उचलून आणलं, तेही काठोकाठ भरलेलं. टंचाईत त्या त्यात पाणी साठवायच्या. "सांडू नका रं! प्यायचं हाय!" त्या मागून ओरडत होत्या.

दोन दिवसांत शूटिंग उरकलं, मंडळी मुंबईला गेली. सामान मात्र कुणी नेईना.

"टीव्हीवर दिसंपर्यंत राहू द्या की, काकू," मालनबाई म्हणाल्या. "ते परत शूटिंगला आले तर?"

रोज संध्याकाळी लोक आपापल्या फ्रिजला भेटायला येत. समोरच्या आवडाबाई तर आपला फ्रिज पदरानं पुसून, दार उघडून आत डोकावून जात. मालनबाई तांब्या घेऊन येत आणि मशीनमधलं पाणी नेत. अनंतराव दोन कपाटांमधल्या फटीत झोपत. कूस बदलायची तर आधी बाहेर यावं लागे. महिना गेला. एके सकाळी त्यांना फटीतून निघताच येईना. यमुनाबाईंनी ओढलं, सदऱ्याची बाही फाटली, तेव्हा कुठं ते सुटले.

यमुनाबाईंनी वळकटी, स्टोव्ह, पोळपाट-लाटणं घेतलं, नवऱ्याला पुढं घातलं आणि मालनबाईंच्या घरात जाऊन ठाण मांडलं.

"हे काय, काकू?"

"तुमच्या वस्तू आमच्याकडं, मग आम्ही तुमच्याकडं. जागा ऐसपैस आहे तुमची. स्टोव्ह कुठं ठेवू?"

मालनबाईंना गंमत वाटली. पण यमुनाबाईंनी खरंच कणीक मळली, पोळ्या लाटल्या, मालनबाईंच्या नवऱ्याला पोटभर वाढलं. अनंतराव खोलीच्या मधोमध हातपाय पसरून पडले, ते घोरायलाच लागले.

"इथं आठ दिवस झाले की आवडाबाईंकडं जाऊ म्हणते," यमुनाबाई भांडी विसळत म्हणाल्या.

दिवेलागणीच्या आत गल्लीत फ्रिजांची मिरवणूक निघाली.

नाटक लागलं दिवाळीनंतर. सगळे मालनबाईंच्या टीव्हीपुढं जमले. पडद्यावरचा गृहस्थ फ्रिजांच्या मागून बायकोला हाका मारत होता आणि लोक पोट धरधरून हसत होते.

"असली बी माणसं असतेत, बाई!" मालनबाई डोळे पुसत म्हणाल्या.

यमुनाबाईंनी पदर तोंडाला लावला. आवडाबाई तेवढ्या गप्प होत्या. त्यांचा फ्रिज पाठमोरा दिसला होता.