पेजवरची मनवा

"आई, फोडणी जरा थांबवा ना! सगळा आवाज व्हिडिओत येतोय," प्रणिता गॅलरीतून ओरडली.

विजयाबाईंनी गॅस बारीक केला. गॅलरीत त्यांची सून नातीला, मनवाला, मांडीवर घेऊन मोबाईलसमोर बसली होती. आवाज एकदम मऊ करून ती बोलू लागली, "माझी मनवा दोन वर्षांची झाली. आजपर्यंत एकही लस नाही. बघा तिचे डोळे, बघा तिची कांती. मी डॉक्टरांच्या विरोधात नाही हं. मी फक्त प्रश्न विचारतेय."

घासलेली पातेली पालथी घालायची सोडून घरकामाला येणारी बायडाबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. प्रणिताचं पेज तिच्या सुनेच्या मोबाईलवर होतं. व्हिडिओतली गॅलरी ती स्वतः पुसत होती, याचं तिला भारी अप्रूप.

"वैनी लई चांगलं बोलत्यात," ती हळूच म्हणाली. विजयाबाईंनी फोडणीवर झाकण ठेवलं.

त्यांची सगळी नोकरी नगरच्या कोर्टात कारकुनीत गेली. साक्षीदार कसे फसतात हे त्यांनी रोज पाहिलेलं. विचारलं तेवढंच सांगावं, न विचारलेलं पोटात ठेवावं, हा नियम त्यांनी घरीही पाळला. नवरा गेल्यावर सावेडीतल्या फ्लॅटमध्ये त्या एकट्याच होत्या. मुलाला, गंधारला, सुप्याच्या कंपनीत नोकरी लागली आणि तो, सून, तान्ही नात असं तिघं पुण्याहून राहायला आली. घर पुन्हा बोलतं झालं. ते तसंच राहावं म्हणून त्या पुष्कळ गोष्टी गिळत.

दुपारी सगळे निजले की मात्र त्या सुनेच्या व्हिडिओखालचं भांडण वाचत. श्रीरामपूरच्या कुणा डॉक्टरने लिहिलं होतं, 'ताई, कृपा करून असं पसरवू नका. घटसर्प अजून गेलेला नाही.' त्याच्यावर लोक तुटून पडले होते. कुणी त्याला कंपन्यांचा दलाल म्हटलं, कुणी त्याची जात काढली. एकाने त्याच्या दवाखान्याच्या पाटीचा फोटो टाकून लिहिलं, 'पत्ता मिळाला.' त्या दोन शब्दांखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग होती. विजयाबाईंनी मोबाईल पालथा ठेवला. संध्याकाळी पाहिलं, तर डॉक्टरने आपलं लिहिलेलं काढून टाकलं होतं. त्याला दिलेल्या शिव्या तेवढ्या शिल्लक होत्या.

एका सोमवारी मनवाच्या अंगाला तेल लावताना तिने दंड झटकन ओढून घेतला. दंड सुजला होता, अंग कोमट लागत होतं. विजयाबाई घाबरल्या.

"अरे गंधार, हिला काय चावलं बघ!"

गंधारने आधी बायकोकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "चावलं नाही आई. काल पुण्याला गेलो होतो ना, तेव्हा टोचून आणलंय."

"टोचून? म्हणजे लस?"

"सगळ्या दिल्यात, पहिल्यापासून. प्रणिताची मावसबहीण डॉक्टर आहे, ती देते."

विजयाबाईंनी नातीला छातीशी धरलं. कितीतरी महिने मनावर ठेवलेला धोंडा खाली पडला. मग त्यांनी सुनेकडे पाहिलं.

"अगं, मग ते व्हिडिओ?"

"पेजचं वेगळं असतं आई," प्रणिता कपड्यांच्या घड्या घालत म्हणाली. "सुरुवातीला मला खरंच भीती वाटायची, तेव्हा बोलले. आता एवढे लोक जोडले गेलेत, त्यांना काय सांगू? आणि मी कुणाला देऊ नका म्हणते का? ज्याचं त्याने बघावं. तुम्ही फक्त बाहेर बोलू नका."

स्वयंपाकघरात नळ धो धो वाहत होता. बायडाबाईला यातलं काही ऐकू गेलं नाही.

त्यानंतर आठवडाभरात बायडाबाई चहा पिता पिता सांगू लागली, "आमच्या वस्तीवर शिस्टर आल्ती सुया घेऊन. सूनबाई देनार हुती, पन मीच सृष्टीला उचलली आन् मागल्या दारानं निघून गेले. म्हनलं, आमची मनवाताई बघा कशी गुटगुटीत हाय, एक सुई न्हाई का औषिद न्हाई. व्हय ना बाई?"

सृष्टी तिची नात. मनवापेक्षा थोडी लहान. मनवाचे आखूड झालेले फ्रॉक तिच्याच अंगावर जात.

विजयाबाईंनी कपबशी खाली ठेवली. "बायडाबाई," त्या म्हणाल्या. आतल्या खोलीत प्रणिता मनवाला गाणं म्हणून दाखवत होती. मनवा खदखदून हसत होती.

"काय बाई?"

"चहा निवतोय तुमचा."

दिवाळी झाली आणि बायडाबाई यायची बंद झाली. फोन लागेना. शेवटी तिच्या सुनेनेच उचलला. सृष्टीचा घसा धरला होता. आधी व्हिडिओतलं हळद-मधाचं चाटण दिलं, त्यात दिवस गेले. मग मान बैलासारखी फुगली, घशात करडा पडदा आला, श्वास घेताना शिट्टी वाजू लागली. घटसर्प होता.

विजयाबाई कुणाला न सांगता रिक्षा करून सरकारी दवाखान्यात गेल्या. वॉर्डाबाहेरच्या बाकावर बायडाबाई बसली होती. पुण्याहून मागवलेलं इंजेक्शन पोरीला देऊन झालं होतं, पण रोगाचं विष हृदयापर्यंत गेलं असावं, असं डॉक्टर म्हणाले होते. विजयाबाईंना पाहताच ती धडपडत उठली आणि चार पावलं मागं सरकली.

"जवळ येऊ नगा बाई! लागन व्हती ह्याची. मनवाताईला जपा. मी आजारी पोरीला हाताळून तुमच्याकडं कामाला आल्ते. तिला तर एक बी सुई न्हाई. मला रात्रंदिस त्याचाच घोर लागलाय. लेकराला लगीच डाक्टरकडं न्या, माझ्या गळ्याची आन हाय तुमाला."

विजयाबाई एक पाऊल पुढे झाल्या. आता कुणी काही विचारलं नव्हतं.

"मनवाला दिल्यात," त्या म्हणाल्या. "सगळ्या लसी दिल्यात. पहिल्यापासून. मला ठाऊक होतं बायडाबाई. तुम्ही सिस्टरचं सांगितलंत, तेव्हाही ठाऊक होतं."

 बायडाबाई ओरडेल, अंगावर धावून येईल, असं विजयाबाईंना वाटलं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"बरं केलं," बायडाबाई म्हणाली. "मनवाताई तरी वाचली." आणि तोंड फिरवून ती वॉर्डाच्या दाराकडे बघत बसली.

सृष्टी दुसऱ्या दिवशी गेली. विजयाबाईंनी घरी सगळं सांगितलं. प्रणिता खूप रडली. खरंच रडली. तिने पेजवरचे व्हिडिओ काढून टाकले, पण ते तोवर कुठल्याकुठे गेले होते. दुसऱ्याच कुणाच्या पानावर मनवा हसत होती आणि खाली माणसं एकमेकांना मरणाचे शाप देत होती.

दहावा झाल्यावर विजयाबाई एमआयडीसीमागच्या वस्तीवर गेल्या. बोळात सरकारी पथक आलं होतं. टेबलाभोवती बाया पोरं कडेवर घेऊन उभ्या होत्या, पण पुढे कुणी होत नव्हतं. कुणी मोबाईल पुढं करून सिस्टरशी हुज्जत घालत होतं. तेवढ्यात बायडाबाई घरातून बाहेर आली. शेजारणीच्या कडेवरची मुलगी तिने काढून घेतली, खुर्चीवर बसली आणि पोरीचा दंड दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"हलू नगं बाय माझी. झालं, झालं."

पोर किंचाळली. बायडाबाईने तिला शेजारणीकडे दिलं आणि दुसरीच्या लेकरासाठी हात पुढे केले. तेव्हा तिला बोळाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या विजयाबाई दिसल्या.

"कोन गं त्या?" कुणीतरी विचारलं.

"सावेडीच्या बाई. मी त्यांच्याकडं कामाला हुते," बायडाबाई म्हणाली आणि पुढच्या लेकराची बाही वर सारू लागली.